जेर्मिनी-दे-प्रे: ८०६ सालचं चर्च, १८७६ सालच्या भिंती

ऑर्लेआँहून ल्वार नदीच्या काठाकाठानं पूर्वेला निघालं की तीसेक किलोमीटरवर जेर्मिनी-दे-प्रे लागतं. सपाट शेतजमीन, थोडी घरं आणि चौकोनी मनोऱ्याचं एक लहानसं चर्च. बरेच प्रवासी इथे न थांबता थोडं पुढे सें-बन्वा-स्युर-ल्वारच्या भव्य मठाकडे जातात. जे थांबतात त्यांना माहितीपुस्तिका सांगते की फ्रान्समधल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी हे एक, अर्पणविधी इ.स. ८०६ मधला. मग ते भिंतीकडे बघतात आणि काहीतरी खटकतं. दगडांच्या कडा धारदार, सांधे एकसारखे. बाराशे वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या भिंती अशा दिसत नाहीत.

खटकतं ते बरोबरच आहे. १८६७ ते १८७६ या काळात ज्यूस्त लिश या वास्तुशिल्पीनं सरकारी खर्चानं या चर्चचा जीर्णोद्धार केला. जीर्णोद्धार म्हणजे काय, तर इमारत बहुतांशी उतरवून पुन्हा बांधली. मूळची म्हणून निःशंकपणे बोट ठेवावं अशी मोठी गोष्ट आत एकच उरली, ती म्हणजे पूर्वेकडच्या अर्धघुमटातलं मोझाइक, काचेच्या तुकड्यांनी जडवलेलं चित्र. बाकी जे दिसतं त्यातलं फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळातलं किती आणि एकोणिसाव्या शतकातलं किती, हे प्रत्येक वेळी तपासून घ्यावं लागतं.

म्हणूनच हे प्रकरण घ्यावंसं वाटतं. इमारत हाच वास्तुइतिहासाचा पहिला साक्षीदार, असं आपण धरून चालतो. इथे साक्षीदारच फितूर झालेला आहे. तरीही या चर्चबद्दल बरंच काही ठामपणे सांगता येतं. ते कशाच्या जोरावर, हे बघण्यासारखं आहे.

बांधणारा

थिओडल्फ हा मूळचा स्पेनकडचा, व्हिसिगॉथ वंशाचा, म्हणजे अरबांच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांपैकी. अरबांच्या ताब्यात गेलेल्या मुलुखातून उत्तरेला आलेल्या शिकलेल्या लोकांपैकी एक. शार्लमेनच्या दरबारात त्याची विद्वत्ता चमकली आणि तो ऑर्लेआँचा बिशप झाला, शिवाय जवळच्याच फ्लरीच्या मठाचा प्रमुखही. (फ्लरी म्हणजेच आजचं सें-बन्वा.) उत्तम लॅटिन कवी. गावोगावच्या पाद्र्यांनी मुलांना शिकवावं आणि त्याबद्दल फी मागू नये, असं फर्मान त्यानं आपल्या बिशपक्षेत्रात काढलं होतं. आठव्या-नवव्या शतकाच्या सांध्यावर हे फर्मान निघालं, हे लक्षात घेतलं की माणसाचा अंदाज येतो.

फ्लरी आणि ऑर्लेआँच्या मधल्या या जागेत त्यानं स्वतःसाठी वाडा बांधला आणि वाड्याला लागून खासगी प्रार्थनामंदिर. आज गावचं चर्च म्हणून उभं आहे ते हे प्रार्थनामंदिर. म्हणजे सुरुवातीला ते गावकऱ्यांसाठी नव्हतंच. बिशप, त्याचे पाहुणे आणि घरातली मंडळी, एवढ्यांपुरती जागा. इमारत इतकी लहान आणि इतकी नखरेल का, याचं उत्तर इथेच आहे. गावचं चर्च बांधताना माणसं किती मावतील हे आधी बघतात, थिओडल्फला तशी काही चिंता नव्हती.

पुढे त्याचे ग्रह फिरले. शार्लमेननंतर गादीवर आलेल्या लुईविरुद्ध लुईचाच पुतण्या, इटलीचा राजा बर्नार्ड, यानं ८१७ मध्ये बंड केलं. त्या कटात थिओडल्फ सामील असल्याचा आरोप झाला, ८१८ मध्ये त्याचं बिशपपद गेलं आणि त्याला आँजेला कैदेत ठेवलं. आरोप त्यानं शेवटपर्यंत नाकारला. ८२१ च्या सुमारास तो वारला. नवव्या शतकातच नॉर्मन टोळ्या ल्वारच्या पात्रातून आत घुसल्या, ८६५ मध्ये फ्लरीचा मठ जळला आणि थिओडल्फचा वाडाही त्या धामधुमीत आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. प्रार्थनामंदिर मात्र उभं राहिलं आणि पुढे गावाचं चर्च झालं.

नऊ खण, चार खांब

आराखडा समजायला सोपा आहे. एक चौरस घ्या, त्यात चार जाडजूड चौकोनी खांब असे उभे करा की चौरसाचे नऊ खण पडतील. मधला खण सर्वांत उंच, त्यावर मनोरा. मनोऱ्याच्या खिडक्यांतून उजेड थेट खाली मध्यभागी उतरतो. मधल्या खणाच्या चार बाजूंचे चार खण उंचीला त्याहून कमी आणि कोपऱ्यांतले चार आणखी बुटके. त्यामुळे बाहेरून बघताना इमारत पायऱ्यापायऱ्यांनी मध्याकडे चढत जाते. चौरसाच्या प्रत्येक बाजूला मध्यावर एकेक अर्धवर्तुळाकार भाग बाहेर काढलेला होता, त्यातला पश्चिमेचा आता उरलेला नाही. त्याला अ‍ॅप्स म्हणतात. पूर्वेच्या अ‍ॅप्समध्ये वेदी.

यातले अ‍ॅप्स नुसते अर्धवर्तुळाकार नाहीत. तोंडाशी ते किंचित आवळलेले आहेत, घोड्याच्या नालेसारखे. आतल्या कमानींनाही तीच नालाकृती वळणं आहेत. स्पेनमधल्या व्हिसिगॉथ चर्चमध्ये ही कमान सर्रास दिसते. पालेन्सियाजवळचं सातव्या शतकातलं सान हुआन दे बान्योस हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. थिओडल्फ तिकडचाच. तेव्हा मायदेशाची आठवण म्हणून त्यानं ही कमान इकडे आणली, असा सरळ निष्कर्ष बऱ्याच जणांनी काढला.

पण चार खांबांवरचा मधला मनोरा आणि चारी बाजूंना चार अ‍ॅप्स ही मांडणी स्पेनची ओळखीची मांडणी नाही. तिचे जवळचे नातेवाईक शोधायला गेलं तर ते आर्मेनियात सापडतात. एच्मियाद्झिनच्या कॅथेड्रलचा आराखडा जेर्मिनीच्या शेजारी ठेवला तर दचकायला होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या साम्यावरून आर्मेनियाहून थेट पश्चिम युरोपपर्यंत प्रभावाच्या रेघा ओढल्या गेल्या. मला त्या रेघा पटत नाहीत. चार खांब, मध्ये घुमट किंवा मनोरा आणि चार बाहू ही रचना भूमध्य समुद्राभोवती वेगवेगळ्या ठिकाणी दिसते. मिलानमध्ये नवव्या शतकातलं सान सातिरोचं छोटं प्रार्थनामंदिर याच जातीचं आहे. एखादा आर्मेनियन कारागीर ल्वारच्या काठी आलाच असेल, असं मानायला दोन नकाशांमधलं साम्य एवढाच पुरावा असेल, तर तो पुरावा तोकडा आहे.

याहून मजेदार पुरावा कागदावरचा आहे. दहाव्या शतकात ऑर्लेआँजवळच्या मिसीच्या मठातला लेताल्द नावाचा भिक्षू लिहून गेला की थिओडल्फनं जेर्मिनीचं चर्च आखेनच्या चर्चसारखं बांधलं. आखेन म्हणजे शार्लमेनची राजधानी, आणि तिथलं चर्च म्हणजे त्याचं राजवाड्यातलं प्रार्थनामंदिर. आता आखेनची इमारत आतून अष्टकोनी आहे, तिच्याभोवती सोळा बाजूंची प्रदक्षिणावाट आणि वर दुसरा मजला. जेर्मिनीत अष्टकोन नाही, प्रदक्षिणावाट नाही, दुसरा मजलाही नाही. मग लेताल्दला दिसलं तरी काय?

आधी अभ्यासकांनी त्याला अडाणी ठरवलं. नंतर मध्ययुगातल्या ‘नकला’ एकेक करून तपासल्या गेल्या, तसा सूर बदलला. जेरुसलेमच्या पवित्र थडग्याच्या चर्चच्या ‘प्रतिकृती’ युरोपभर बांधल्या गेल्या, पण त्यातल्या दोन एकमेकींसारख्या नाहीत. कुणी गोल बांधलं, कुणी अष्टकोनी, कुणी फक्त खांबांची संख्या जुळवली. त्या काळच्या माणसाला दोन-चार ठळक गोष्टी जुळल्या की सारखेपणा पुरत होता. या हिशेबानं पाहिलं तर मध्यकेंद्री आराखडा, उंच मध्यभाग, मोझाइक आणि राजवाड्याशी किंवा वाड्याशी जोडलेलं खासगी मंदिर, एवढं दोन्हीकडे आहे. आखेनचं चर्च ८०५ च्या सुमारास पुरं झालं असं मानतात, जेर्मिनीचं लगेच पुढच्या वर्षी. दरबारी माणसानं राजाच्या इमारतीची छोटी आवृत्ती आपल्या वाड्यात उठवावी, यात नवल कसलं? लेताल्दचं म्हणणं मला तरी खरं वाटतं.

छतावरचा कोश

आता मोझाइककडे. पूर्वेच्या अ‍ॅप्सच्या अर्धघुमटात निळ्या-सोनेरी काचेच्या बारीक चौकोनी तुकड्यांनी भरलेलं चित्र आहे. शार्लमेनच्या काळातलं फ्रान्समध्ये टिकलेलं हे एकमेव मोझाइक. आखेनच्या घुमटातलं मूळ मोझाइक केव्हाच गेलं, आज तिथे दिसतं ते १८८०-८१ मध्ये नव्यानं केलेलं. म्हणजे सम्राटाच्या दरबारी वर्तुळात मोझाइक कसं करत होते हे बघायला या खेड्यात यावं लागतं.

चर्चच्या अर्धघुमटात सहसा काय असतं? सिंहासनावरचा ख्रिस्त, नाहीतर मांडीवर बाळ घेतलेली मरिया. इथे दोघंही नाहीत. मधोमध एक पेटी आहे, वाहून नेण्यासाठी दांडे लावलेली. हा कराराचा कोश, मोशेला दिलेल्या दगडी पाट्या ज्यात ठेवल्या होत्या तो. कोशावर दोन लहान देवदूत. कोशाच्या दोन्ही बाजूंना दोन प्रचंड देवदूत, पंख उभारलेले, त्यांचं अंग अर्धघुमटाच्या वळणाबरोबर वाकलेलं आणि हात खाली कोशाकडे झालेले. त्या दोघांच्या मधल्या जागेत आकाशातून खाली आलेला देवाचा हात.

देवदूत चार का, आणि दोन मापांचे का? बायबल उघडलं की उलगडा होतो. निर्गमच्या पुस्तकात देव मोशेला सांगतो की कोशाच्या झाकणावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखधारी देवदूत, घडव. पुढे शलमोन राजा मंदिर बांधतो तेव्हा परमपवित्रस्थानात, म्हणजे सर्वांत आतल्या गाभाऱ्यात, जैतुनाच्या लाकडाचे, दहा दहा हात उंचीचे दोन करूब उभे करतो. लहान जोडी मोशेची, मोठी जोडी शलमोनाची. चित्र काढवून घेणाऱ्यानं दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचले होते. आणि पूर्वेचा अ‍ॅप्स हे या चर्चचं परमपवित्रस्थान, हेही त्यातच आलं.

पण हाच विषय का, याचं उत्तर थिओडल्फच्या दुसऱ्या कामात आहे. ७८७ मध्ये निकाया इथे भरलेल्या धर्मपरिषदेनं पूर्वेकडच्या चर्चमध्ये प्रतिमांचं पूजन पुन्हा मान्य केलं. शार्लमेनच्या दरबाराला ते रुचलं नाही. ७९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत राजाच्या नावानं एक लांबलचक खंडनग्रंथ तयार झाला. तो थिओडल्फनंच लिहिला, यावर आता अभ्यासकांचं बहुतांशी एकमत आहे. त्याचा सूर असा: प्रतिमा फोडू नयेत, पण त्यांना पुजूही नये, कारण चित्र शेवटी चितारणाऱ्याच्या हातचं. कराराच्या कोशाची गोष्ट निराळी, तो देवाच्या आज्ञेनं घडला. करूबांचा दाखला देऊन प्रतिमापूजेचं समर्थन करणाऱ्यांना या ग्रंथात चांगलंच फैलावर घेतलं आहे. दहा-पंधरा वर्षांनी त्याच माणसानं स्वतःच्या प्रार्थनामंदिरात, वेदीच्या वर, नेमका कोश काढवून घेतला. वादात घेतलेली भूमिका माणसानं इतक्या राजरोसपणे आपल्या घराच्या छतावर लावलेली क्वचितच दिसते.

चित्राच्या खालच्या कडेनं लॅटिन ओळी आहेत, रुप्याच्या अक्षरांत. त्यांचा आशय असा: हे पाहणाऱ्या, पवित्र स्थान आणि करूब इथे बघ, देवाच्या कराराचा कोश इथे झळकतो आहे, हे पाहून तू प्रार्थनेनं देवाला आळवशील तेव्हा थिओडल्फचंही नाव तुझ्या प्रार्थनेत घे. नाव ओळीत आलं आहे, त्यामुळे चित्र कुणाचं यावर वाद उरत नाही. सगळ्या इमारतीत मालकाची सही इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे नाही.

देवाच्या हाताबद्दल एक चर्चा आहे. त्या तळव्यावर खिळ्याची खूण आहे, म्हणजे हा हात ख्रिस्ताचा, असं मांडलं गेलं आहे. कल्पना सुंदर आहे. जुन्या करारातला कोश खाली आणि नव्या करारातला हात वर, असा सांधा जुळतो. पण या मोझाइकवर एकोणिसाव्या शतकात दोनदा दुरुस्तीचा हात फिरलेला आहे, १८४० च्या दशकात एकदा आणि लिशच्या कामात पुन्हा. अशा ठिकाणी तळव्यावरच्या मोजक्या तुकड्यांवर सिद्धान्त उभा करताना मी तरी दहादा विचार करीन.

हे चित्र वाचलं ते चुन्यामुळे. अर्धघुमटावर चुन्याचे थर चढले आणि खाली काय आहे हे लोक विसरून गेले. १८२० च्या सुमारास गावातली पोरं रंगीत काचेचे तुकडे घेऊन खेळताना दिसली आणि त्यावरून शोध लागला, असं सांगतात. गोष्ट थोडी पढवलेली वाटते, पण तुकडे गळत होते आणि त्यांच्यामुळेच लक्ष गेलं, एवढं मानायला हरकत नसावी.

लिशनं काय केलं

१८४० मध्ये फ्रान्स सरकारनं संरक्षित ऐतिहासिक वास्तूंची पहिली यादी काढली. मागे लागून ती करणारा माणूस म्हणजे कथालेखक प्रॉस्पेर मेरिमे, तेव्हाचा ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक. हजाराच्या आसपास नावांच्या त्या यादीत जेर्मिनी होतं. म्हणजे संरक्षण मिळालं ते अगदी पहिल्या फेरीत. आणि इमारत गेली ती संरक्षण मिळाल्यावर.

चर्चची अवस्था वाईट होती हे मान्य करायला हवं. पंधराव्या-सोळाव्या शतकात गावाला जागा पुरेना म्हणून पश्चिमेच्या बाजूला लांबट सभागृह जोडलं गेलं होतं आणि पश्चिमेचा अ‍ॅप्स त्यात गेला. भिंती खचल्या होत्या. लिशला काम मिळालं तेव्हा नुसत्या टेकूंनी भागण्यासारखं नव्हतं, असं गृहीत धरू. तरीही त्यानं जे केलं ते डागडुजीच्या पलीकडचं होतं. भिंती उतरवून नव्या दगडात बांधल्या. पूर्वेच्या मुख्य अ‍ॅप्सच्या दोन बाजूंना दोन छोटे अ‍ॅप्स होते, ते मूळ बांधणीतलेच मानले जातात, ते पाडून टाकले. खिडक्यांभोवतीचं चुन्यातलं नक्षीकाम काढलं. मोझाइकची सजावट अर्धघुमटाच्या खालीही पसरलेली होती, हे जुन्या रेखाटनांतून कळतं. तीही आज जागेवर नाही.

छोटे अ‍ॅप्स पाडण्यामागचं तर्कशास्त्र ओळखता येतं. ते काढले की चारी बाजूंना एकेक अ‍ॅप्स असा स्वच्छ, सममित आराखडा कागदावर छान दिसतो. लिशनं काम हातात घेतलं त्याच्या आदल्याच वर्षी, १८६६ मध्ये, जुन्या इमारतींचा जीर्णोद्धार करणारा फ्रेंच वास्तुशिल्पी व्हियोले-ल-द्युक यानं आपल्या वास्तुकोशात जीर्णोद्धाराची प्रसिद्ध व्याख्या छापली होती. जीर्णोद्धार म्हणजे इमारत टिकवणं किंवा दुरुस्त करणं नव्हे, तर तिला अशा पूर्ण अवस्थेला नेणं, जी अवस्था कदाचित कोणत्याच काळी अस्तित्वात नव्हती. या वाक्याचा बचाव करणारे आहेत, आणि व्हियोले-ल-द्युकच्या स्वतःच्या हातून वेझलेचं चर्च कोसळण्यापासून वाचलं, हेही खरंच. पण वेझलेसारख्या मोठ्या इमारतीत एक कमान बदलली तरी शेजारच्या दहा जुन्या कमानी साक्षीला उरतात. जेर्मिनीत साक्षीला उरण्याइतकी इमारतच नव्हती.

बरं, सममितीची एवढी ओढ होती तर पश्चिमेचा अ‍ॅप्स परत बांधायला हवा होता. तो बांधला नाही. पश्चिमेला लांबट सभागृहच ठेवलं, कारण गावाला रविवारी बसायला जागा हवी होती. म्हणजे मूळ रूप सिद्धान्तासाठी मोडलं आणि सिद्धान्त गावाच्या सोयीसाठी सोडला. लिशवर माझा खरा आक्षेप हा आहे. नवव्या शतकाशीही प्रामाणिक नाही आणि स्वतःच्या विचाराशीही नाही. हाच लिश पुढे पॅरिसचं सें-लाझार स्टेशन बांधणार होता. नवी इमारत बांधायला उत्तम माणूस. इथेही त्यानं नवीच बांधली.

तारखेचं काय

राहता राहिली ८०६ ही तारीख. मधल्या खांबांपैकी पूर्वेकडच्या खांबांवर लॅटिन लेख कोरलेला आहे. त्यात ८०६ हे साल, जानेवारीतला दिवस आणि संत जनव्हिएव्ह व संत जेर्मिन यांच्या नावे केलेला अर्पणविधी, असं सगळं आहे. आता हा लेखही संशयाच्या फेऱ्यात आहे. एकोणिसाव्या शतकात तो नव्यानं कोरला गेला असावा, किंवा तेव्हाच रचला गेला असावा, असं मानणारे आहेत. ज्या इमारतीचे दगडच बदलले तिथल्या दगडावरच्या अक्षरांना जन्मदाखल्याचा मान देणं धाडसाचंच आहे.

म्हणून मी माझ्यापुरती साखळी उलट्या बाजूनं लावतो. मोझाइकच्या ओळीत थिओडल्फचं नाव आहे. थिओडल्फ ७९८ च्या सुमारास बिशप झाला आणि ८१८ मध्ये त्याचं पद गेलं. चर्च त्यानं बांधलं हे लेताल्द सांगतो. कोशाचा विषय ७९० नंतरच्या वादाशी चपखल बसतो. एवढ्यावरून चर्च या वीसेक वर्षांतलं ठरतं आणि त्यासाठी खांबावरच्या लेखाची गरज पडत नाही. ८०६ हे साल त्या चौकटीत आरामात बसतं. ते चूक आहे असं म्हणायला कारण नाही, फक्त सगळा भार त्यावर टाकू नये.

आराखड्याचंही तसंच. नऊ खण, चार खांब आणि नालाकृती अ‍ॅप्स यांवर विश्वास ठेवता येतो, कारण ते पाडापाडीआधी काढलेल्या नकाशांत आहेत. खिडक्यांची नेमकी रूपं, दगडांचे थर आणि कोपऱ्यांचे बारकावे आजच्या इमारतीवरून वाचू नयेत. स्पेनचा प्रभाव किती हे ठरवताना एखाद्या कमानीच्या वळणाचं माप घेणारे लेख वाचले की विचारावंसं वाटतं, माप कुणाच्या कमानीचं घेतलंत?

प्रत्यक्ष जाणाऱ्यानं एक करावं. खिडक्यांभोवतीच्या मूळ नक्षीकामाचे उरलेले तुकडे ऑर्लेआँच्या इतिहास आणि पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ते आधी पाहावेत आणि मग जेर्मिनीला जावं. तुकडे लहान आहेत, फुटके आहेत, पण त्यांवरचे हात नवव्या शतकातले आहेत. ते डोळ्यांत ठेवून चर्चमध्ये शिरलं की लिशच्या भिंतींवरून नजर आपोआप घसरते आणि वर, पूर्वेच्या अर्धघुमटाकडे जाते. तिथे दिवा लावण्याची सोय असेल तर जरूर लावावा, कारण नुसत्या खिडक्यांच्या उजेडात रुप्याची अक्षरं नीट वाचता येत नाहीत.